वाडा वाचवायचा की हलवायचा? नागपूरकरांसाठी सरकारी मदतीची वाट

महाल, इतवारी किंवा शुक्रवारी तलावाच्या आसपास ज्यांचे जुने वाडे आहेत, त्यांच्या घरी हल्ली एक चर्चा हमखास निघते. धाकटा पुतण्या मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "काका, जुनं घर उचलून दुसरीकडं न्यायला सरकार पैसे देते म्हणे." काकांच्या हातात त्याच आठवड्यात आलेली मनपाची नोटीस असते. रस्ता रुंद होणार असतो, मागच्या भिंतीला फुगवटा आलेला असतो, आणि वाटेकऱ्यांपैकी निम्मे पुण्यात नाहीतर बंगळुरात असतात.

हा लेख अशा घरांसाठी आहे. सार्वजनिक पैसा कोणत्या मार्गाने येऊ शकतो, त्यासाठी काय तयारी लागते, आणि खरोखरच वाडा उतरवून दुसरीकडे उभा करायची वेळ आली तर काम कोणत्या क्रमाने करायचे, हे त्यात मांडले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. घर जुने आहे, सुंदर आहे, पणजोबांनी बांधले आहे, यांपैकी कशालाही सरकार पैसे देत नाही. त्या घरावर लोकांचा काही हक्क तयार झाला, मग तो बघण्याचा असो, वापरण्याचा असो की कायद्याने जपण्याचा, की पैशाची वाट उघडते. आणि घर मूळ जागेवरून हलले की यातल्या बऱ्याच वाटा बंद होतात. म्हणून हलवणे हा शेवटचा उपाय.

मोबाइलवरच्या त्या बातमीचे काय?

ती बहुतेक अमेरिकेतली असते. तिथे १९६६ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यापासून अनुदान आणि करसवलत यांची एक व्यवस्था उभी राहत गेली आहे. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या प्रमाणित दुरुस्तीवर २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते. घरे हलवण्याचीही उदाहरणे आहेत. अलेक्झांडर हॅमिल्टनचे न्यूयॉर्कमधले घर १८८९ मध्ये एकदा हलवले गेले आणि २००८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने ते अख्खे उचलून जवळच्या उद्यानात नेले. पण हलवलेली इमारत त्यांच्या राष्ट्रीय यादीत सहसा बसत नाही, त्यासाठी अपवाद सिद्ध करावा लागतो. म्हणजे जिथे व्यवस्था आहे, तिथेही हलवण्याकडे संशयानेच बघतात.

यामागे जगभर मानलेले तत्त्व आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेचे सातवे कलम म्हणते की वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून तोडता येत नाही. तिचे रक्षण करायला दुसरा मार्गच नसेल, किंवा फार मोठे राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल, तरच ती हलवावी. तुमची फाईल कुणा संवर्धन वास्तुविशारदाच्या टेबलावर गेली की तो पहिला प्रश्न हाच विचारणार. उत्तर तयार ठेवा.

आपल्याकडे "खासगी वाडा हलवण्यासाठी अनुदान" या नावाची योजना शोधत बसू नका. वेगवेगळ्या खिशांतून पैसा जोडावा लागतो.

पहिली पायरी: घर कागदावर कुणाचे?

सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम. नगर भूमापन कार्यालयातून ताजी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. तिच्यावर अजून आजोबांचे नाव असेल तर वारसनोंद करून घ्या. लग्न होऊन गेलेल्या मुलींचा वाटा विसरू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीही सहदायक, म्हणजे जन्माने वाटेकरी, आहेत. एका आत्याची सही राहिली म्हणून मंजूर होत आलेला प्रस्ताव परत येऊ शकतो, आणि खासगी वादातल्या मिळकतीला कोणतेही खाते हात लावत नाही.

नंतर जमिनीचा प्रकार बघा. नागपुरात हा घोळ फार. जागा मालकीची आहे, नझूलची (शहरातली सरकारी जमीन) आहे की नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) भाडेपट्ट्याची? नझूलचा पट्टा संपलेला असेल तर आधी नूतनीकरण किंवा फ्री होल्ड (जमीन पूर्ण मालकीची करून घेणे), मग बाकीचे. घर तुमचे आणि जमीन शासनाची, अशी स्थिती असेल तर घाबरू नका. काही वेळा ती फायद्याचीही ठरते, कारण शासनाचा हितसंबंध तिथे आधीपासूनच आहे.

भाडेकरू असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्यांना संरक्षण देतो. त्यांना डावलून केलेले संवर्धन कोर्टात अडकते.

दुसरी पायरी: घर यादीत आहे का?

वारशाच्या तीन वेगळ्या पातळ्या आहेत आणि लोक त्यांची नेहमी सरमिसळ करतात. केंद्र संरक्षित स्मारक १९५८ च्या कायद्याखाली येते आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ते बघते. राज्य संरक्षित स्मारक १९६० च्या महाराष्ट्र कायद्याखाली, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असते. तिसरी पातळी शहराची: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खालच्या नियमावलीनुसार महापालिकेची हेरिटेज यादी आणि तिच्यासाठीची हेरिटेज संवर्धन समिती. कस्तुरचंद पार्क, झिरो माईल ही नावे या शहर पातळीच्या यादीतली. राहत्या वाड्यासाठी बहुतेक वेळा हीच पातळी कामाची.

मनपाच्या नगररचना विभागात जाऊन यादीची प्रत मागा. तोंडी "बघतो" असे उत्तर आले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. घर यादीत असेल तर श्रेणी कोणती ते टिपा. श्रेणी १ मध्ये जवळपास काहीच बदलता येत नाही, श्रेणी २ मध्ये आतल्या बाजूला मर्यादित बदल चालतात, श्रेणी ३ सगळ्यात सैल.

यादीत नसेल तर नाव घालण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासोबत घराचा छोटा इतिहास, मोजमापाचे नकाशे, छायाचित्रे आणि महत्त्व सांगणारे एक पान जोडा. इतिहासासाठी पुराभिलेख विभागाचे नागपूर कार्यालय आणि विदर्भ संशोधन मंडळ इथे चकरा मारायची तयारी ठेवा. "भोसलेकालीन" हा शब्द नागपुरात फार स्वस्त झालाय. शेवटचे राजे तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, ब्रिटिशांनी राज्य पुढच्याच वर्षी खालसा केले, आणि भोसलेकालीन म्हणून मिरवणारे कित्येक वाडे त्यानंतर मालगुजारांनी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी) किंवा व्यापाऱ्यांनी बांधलेले आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही. पण खोटे वय लिहिले आणि समितीतल्या जाणकाराने कोरीव कामावरून ते पकडले, की पुढच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

पुष्कळ मालक यादीला घाबरतात: "नाव लागलं की घर अडकलं." भीती निराधार नाही. नाव लागले की पाडायला, बदलायला समितीचा सल्ला लागतो. पण नाव नसेल तर खालचे जवळपास सगळे दरवाजे बंद. दोन्ही बाजू घरात नीट बोलून घ्या आणि मगच अर्ज करा.

मध्येच नोटीस आली तर

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस ही वाड्यांच्या मृत्यूचे नेहमीचे कारण. तिच्यातला मजकूर पूर्ण वाचा. कलम फक्त "पाडा" म्हणत नाही. पाडणे, सुरक्षित करणे किंवा दुरुस्त करणे असे पर्याय त्यातच आहेत. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल जोडा.

धोकादायक इमारतींचे वर्ग ठरलेले आहेत. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्यायोग्य. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. सगळी लढाई सी-१ आणि सी-२ए यांच्यामधल्या रेषेवर असते. सिमेंट-काँक्रीटवर वाढलेला इंजिनीअर लाकडी सांगाड्याचा वाडा बघून पटकन सी-१ लिहून मोकळा होतो, कारण त्याच्या हातोड्याच्या चाचणीला मातीची भिंत पोकळच ऐकू येते. वाड्याचा भार खांब आणि तुळया घेतात. मधली भिंत बहुतेकदा भरावाची असते. म्हणून लाकडी बांधकाम समजणारा माणूस शोधा. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या वास्तुकला विभागात किंवा वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या नागपूर शाखेत विचारले तर नावे मिळतात. तोवर फुगलेल्या भिंतीला लाकडी टेकू द्या, ताडपत्री टाका, आणि टेकू दिल्याचे तारखेसह फोटो उत्तराला जोडा.

पैसा कुठून?

*हेरिटेज नियमावलीतला दुरुस्ती निधी.* हा दरवाजा फार कमी लोकांना माहीत असतो. राज्यातल्या हेरिटेज नियमावलीची मूळ चौकट अशी: यादीतल्या इमारतीची दुरुस्ती मालकाने करायची, पण इमारतीत भाडेकरू असतील किंवा मालकाची ऐपत नसेल तर महापालिका, म्हाडा किंवा इतर संस्थेला दुरुस्ती करू देता येते. अशा दुरुस्तीला मदत म्हणून वेगळा निधी तयार करता येतो. तो आयुक्तांच्या अखत्यारीत राहतो, हेरिटेज समितीच्या सल्ल्याने वाटला जातो, आणि त्याची तरतूद जिल्हा नियोजनाच्या अंदाजपत्रकातून करता येते. गोम "करता येते" या शब्दांत आहे. तरतूद असेलच असे नाही. ती करायला लावावी लागते.

म्हणून आधी माहिती अधिकारात विचारा: चालू आणि मागच्या अंदाजपत्रकात हेरिटेज दुरुस्तीचे शीर्ष होते का, किती रक्कम होती, किती खर्च झाली? शीर्ष असून खर्च शून्य असेल तर तुमचा अर्ज त्याच निधीवर टाका. शीर्षच नसेल तर अंदाजपत्रक तयार होण्याआधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, आयुक्तांना आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना निवेदन द्या. एकट्या वाड्याचे निवेदन बाजूला पडते. महालातल्या आठ-दहा घरांनी मिळून दिलेले पडत नाही.

*जिल्हा वार्षिक योजना.* पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडून गड-किल्ले, मंदिरे आणि महत्त्वाची संरक्षित स्मारके यांच्या जतनासाठी योजनेतला ३ टक्क्यांपर्यंतचा निधी वापरण्याची सोय राज्याने केली आहे. यात "संरक्षित" हा शब्द कळीचा. खासगी, असंरक्षित वाड्याला यातून थेट पैसे मिळणे अवघड. राज्य संरक्षणाचा प्रस्ताव मात्र करता येतो, आणि तो पुढचा मुद्दा.

*राज्य संरक्षित स्मारक.* पुण्यातला महात्मा फुले वाडा, रत्नागिरीतले टिळकांचे जन्मस्थान ही मुळात घरेच. राज्य संरक्षित झाल्यावर त्यांच्या जतनावर सरकारी खर्च होऊ लागला. तुमच्या वाड्यात एखादी मोठी घटना घडली असेल, सार्वजनिक नोंदीतली व्यक्ती राहिली असेल किंवा कोरीव काम अपवादात्मक असेल, तर पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयात प्रस्ताव द्या. पाहणी, प्राथमिक अधिसूचना, हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम अधिसूचना असा क्रम असतो. मालकी सोडावीच लागते असे नाही. करार करून देखभाल शासनाकडे आणि मालकी तुमच्याकडे अशी व्यवस्था कायद्यात आहे. बदल्यात लोकांना बघायला येऊ द्यावे लागते आणि स्वतःच्या मर्जीने खिळाही ठोकता येत नाही. ज्या घरात अजून स्वयंपाक होतो, त्यांनी याचा दहादा विचार करावा. संरक्षित झाल्यावर "महाराष्ट्र वैभव" या संगोपन योजनेखाली एखादी कंपनी किंवा संस्था देखभालीची जबाबदारी घेऊ शकते.

*विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर.* ही रोकड नाही, पण सार्वजनिक मदतच आहे, आणि माझ्या मते सामान्य वाडामालकासाठी सर्वांत व्यवहार्य. हेरिटेज निर्बंधांमुळे तुमच्या भूखंडावर जे चटईक्षेत्र (बांधायला मुभा असलेले क्षेत्र) वापरता येत नाही, त्याचे प्रमाणपत्र मिळते आणि ते बिल्डरला विकता येते. त्या पैशातून दुरुस्ती करायची. आधी आर्किटेक्टकडून न वापरलेल्या क्षेत्राचे गणित करून घ्या, नंतरच बाजारभाव विचारा. प्रमाणपत्र हातात येण्याआधी कोणाशीही विक्रीचा करार करू नका. इथे हलवण्याचा फटका लगेच दिसतो: वास्तूच भूखंडावर राहिली नाही तर हेरिटेज टीडीआरला आधार कुठला?

त्याच नियमावलीत वापरबदलाची सवलतही आहे. वाडा जपण्याच्या अटीवर त्याचा काही भाग कार्यालय, खानावळ, ग्रंथालय अशा वापराला समितीच्या संमतीने देता येतो. ओसरीवर चहाचे दुकान आणि माजघरात हातमागाचे दालन चालले, तर छप्पर दुरुस्तीसाठी दरवर्षी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

*सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च.* कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती आणि स्थळांचा जीर्णोद्धार स्पष्ट शब्दांत आहे. पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि जिथे कंपनीचे काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत, हे लक्षात असू द्या. मात्र पैसा कुटुंबाच्या खात्यात येत नाही. सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (नफा न वाटणारी) कंपनी लागते. तिच्याकडे आयकर सवलतीची (१२ए आणि ८०जी) नोंदणी आणि कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक लागतो. शिवाय घराचा ठरावीक भाग लोकांसाठी खुला ठेवण्याचा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत करार हवा. न्यास करताना एक सावधगिरी: घर एकदा न्यासाच्या नावावर गेले की विकायला किंवा दीर्घ भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. म्हणून मालकी कुटुंबाकडे आणि न्यासाकडे फक्त ठरावीक वर्षांचा वापरहक्क, अशी रचना बऱ्याच घरांना सोयीची पडते. चांगला वकील इथेच लागतो.

*राष्ट्रीय संस्कृती निधी.* १९९६ मध्ये केंद्राने स्थापन केलेला न्यास. देणगीदार, अंमलबजावणी संस्था आणि निधी यांच्यातल्या करारावर प्रकल्प चालतो; देणगीला १०० टक्के करवजावट आहे. दाता तुम्हालाच शोधावा लागतो, पण हिशेब केंद्रीय न्यासाकडे राहणार म्हटल्यावर दाते लवकर तयार होतात.

*संग्रहालय अनुदान.* वाड्यात स्थानिक संग्रहालय करायचे असेल तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना संस्था आणि न्यासांना खुली असते. नुसत्या इमारतीला नाही. वस्तुसंग्रह आधी दाखवावा लागतो.

आमदार-खासदार निधीसाठी वेळ घालवू नका, खासगी मालमत्तेवर तो खर्च करता येत नाही. अमेरिकी दूतावासाच्या सांस्कृतिक जतन निधीचे नावही कुणीतरी सुचवते. त्याच्या अटींत खासगी मालकीची वास्तू आणि स्थळ एका जागेवरून दुसरीकडे हलवणे, दोन्ही वगळलेले आहे.

हलवायचेच असेल तर

रस्ता रुंदीकरण, पूररेषा, पूल अशा कारणाने जागा जाणारच असेल, आणि आखणी बदलून घेण्याचे प्रयत्न संपले असतील, तरच इथवर या. भूसंपादन असेल तर पैशाचा पहिला स्रोत म्हणजे भरपाई. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार इमारतीचे मूल्यांकन जिल्हाधिकारी तज्ज्ञ अभियंत्याकडून करवून घेऊ शकतात, आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. नेहमीच्या मूल्यांकनात जुन्या बांधकामाचा घसारा काढून वाडा जवळजवळ शून्यावर आणतात. सागाचे खांब, कोरीव तुळया, दगडी जोते यांची वेगळी यादी आणि वेगळे दर मांडा. आणि उतरवलेले सामान मालकाला मिळेल हे निवाड्यात किंवा करारात लिहून घ्या. नाहीतर ठेकेदार पहिल्याच रात्री दिंडी दरवाजा भंगारवाल्याला देतो.

पुण्याच्या भिडे वाड्याचे उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावे. १८४८ ची मुलींची शाळा भरली ती ही वास्तू. स्मारकासाठी पैसा होता, राजकीय इच्छा होती, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेली मूळ इमारत पाडली गेली. वाद चालू असताना वास्तूची देखभाल कुणी करायची, हे ठरले नाही तर असे होते.

उलट मस्तानी महालाचे. कोथरूडमधल्या त्या वास्तूचे अवशेष पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून पुन्हा उभे केले. हे संग्रहालय १९७५ मध्ये राज्य शासनाकडे गेले, म्हणजे हलवलेल्या दालनाला सार्वजनिक छप्पर मिळाले. चेन्नईजवळचे दक्षिणचित्र १९९६ मध्ये खुले झाले. दक्षिणेतल्या राज्यांमधली जुनी घरे उतरवून तिथे परत बांधली आहेत, तीही सरकारने भाडेपट्ट्यावर दिलेल्या जमिनीवर. मला यात नागपूरसाठी सर्वांत कामाची गोष्ट दिसते. सरकारला रोख रक्कम द्यायला जड जाते, जमीन त्या मानाने सोपी. नझूल, नासुप्र किंवा मनपाची मोकळी जागा, एखादे उद्यान, संग्रहालयाचे आवार, तिथे सार्वजनिक वापराच्या अटीवर वाडा उभा करायला मागा. उतरवण्या-बांधण्याचा खर्च भरपाई आणि सीएसआर मिळून करा.

आता प्रत्यक्ष काम. वेळापत्रक नागपूरच्या हवेवर ठरते. उतरवणे दिवाळीनंतर सुरू करा आणि लाकूड मेअखेर छपराखाली गेले पाहिजे. पावसात उघड्यावर राहिलेले लाकूड वाळवीच्या तोंडी जाते, आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात राहिलेले तडकते.

आधी मोजमाप. १:५० प्रमाणात सगळे मजले, छेद आणि दर्शनी बाजू. कोरीव भाग १:५ किंवा १:१० मध्ये. लेझर स्कॅन परवडत असेल तर करा, पण हाताने काढलेला सांध्यांचा नकाशा सोडू नका, कारण लाकडात लाकूड कसे अडकवले आहे हे बाहेरून स्कॅनला दिसत नाही. वाडा खणांत (दोन खांबांमधल्या अंतरात) मोजतात, म्हणून क्रमांकही त्याच भाषेत द्या: मजला, खण, मग खांब की तुळई, आणि कोणते तोंड कोणत्या दिशेला. खडूने किंवा ऑइलपेंटने लिहू नका. अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून क्रमांक कोरा, दर्शनी नसलेल्या बाजूला. हाच क्रमांक फोटोत, नकाशात आणि नोंदवहीत.

उतरवायचा क्रम बांधायच्या उलट: कवेलू, रिपा, वासे, माळ्याचा पाटण, तुळया, शेवटी खांब. प्रत्येक मजल्यावर खाली टेकू देऊनच वरचे काढा. चुन्यात बांधलेल्या विटा सुट्या होऊन परत वापरता येतात. कुणी मध्ये सिमेंटचा गिलावा केला असेल तर त्या भागातल्या विटा फुटणार, तेवढ्या नव्या धरून ठेवा. जोत्याचे दगड थरवार क्रमांकाने. जमिनीत पेव किंवा बळद (धान्य साठवायची जागा) असेल तर बुजवण्याआधी मोजून घ्या. हलवता येत नाही, पण नोंद राहते. सागाची जुनी लाकडे ट्रकमधून निघाली की नाक्यावर विचारणा होऊ शकते. वन विभागाकडे आधीच अर्ज करून वाहतुकीचा कागद घ्या, सोबत वाडा उतरवण्याची परवानगी आणि लाकडांची क्रमांकवार यादी.

नव्या जागेची माती तपासा. नागपूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावर टेकवलेले खांब दोन वर्षांत वेगवेगळ्या पातळीला जातात. पाया मुरुमापर्यंत न्या. जुने जोते नुसते उचलून ठेवून चालणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने नव्या जागेवरचा वाडा नवे बांधकाम ठरतो. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार समास अंतर (बांधकामाभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग, जिना सगळे लागू. लाकडी जिना आणि अरुंद ओसरी नव्या नियमात बसत नाहीत. सवलतीचा अर्ज हेरिटेज समितीच्या शिफारशीसह सुरुवातीलाच टाका, बांधकाम अर्ध्यावर आल्यावर नको. शहराबाहेर जात असाल तर परवानगी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून.

बांधताना चुना वापरा, आणि तो मळू शकणारा गवंडी मिळेपर्यंत थांबा. घाई झाली की सिमेंट येते, आणि सिमेंट आले की जुन्या विटेतला ओलावा बाहेर पडायला जागा मिळत नाही.

फाईल आणि हिशेब

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे खरेच. पण बरीच थांबाथांब अर्धवट फाईलमुळे होते. प्रस्तावात मालकीचे कागद, महत्त्वाचे टिपण, नकाशे, स्ट्रक्चरल अहवाल, अंदाजपत्रक आणि लोकांना काय मिळणार याचे पान, एवढे पहिल्या दिवशी जोडलेले असावे. अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर करा. चुन्याचे काम, कोरीव दुरुस्ती अशा बाबी तिच्यात मिळाल्या नाहीत तर दर-पृथक्करण (दर कसा निघाला याचा तपशील) वेगळे मांडा आणि तीन कोटेशने लावा. उतरवणे, साठवण-वाहतूक आणि पुनर्बांधणी हे तीन वेगळे भाग ठेवा, म्हणजे एका भागाला एका खिशातून, दुसऱ्याला दुसऱ्यातून पैसा घेता येतो. एकच काम दोन ठिकाणी दाखवू नका. लेखापरीक्षणात ते सापडते आणि सगळी रक्कम व्याजासह परत मागितली जाते.

प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता या दोन वेगळ्या सह्या आहेत. पहिलीने खर्चाला होकार मिळतो, दुसरीने कामाच्या पद्धतीला. दोन्ही हातात येईपर्यंत ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका. निविदा निघणार असेल तर अटींमध्ये जुन्या लाकडी कामाचा अनुभव मागायला लावा, नाहीतर सगळ्यात कमी दराचा रस्ते ठेकेदार तुमच्या गणेशपट्टीवर हातोडा घेऊन उभा राहील.

पैसा हप्त्याने येतो. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही, म्हणून सुतार-गवंड्यांच्या मजुरीच्या सह्या, मालाची बिले, तारखेचे फोटो दर आठवड्याला लावून ठेवा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत मंजूर झालेला निधी परत जाऊ नये म्हणून काही खाती घाईने काम सुरू करायला सांगतात. लाकूड तपासलेले नसेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि पुढच्या वर्षाच्या तरतुदीसाठी पत्र द्या.

एक खर्च मात्र कुठल्याही योजनेत बसत नाही: दर उन्हाळ्यात कवेलू फेरणे, नाल्या साफ करणे, वासे बघणे. त्यासाठी करार करतानाच कुणाची जबाबदारी आणि कोणत्या उत्पन्नातून, हे रकमेसह लिहून घ्या, आणि ओसरीच्या भाड्यातला तेवढा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायला पहिल्या महिन्यापासून सुरुवात करा.